तुपासाठी आलेला इंटरप्ट

मोहिनीताईचं लग्न आणि माझ्या नोकरीचा निकाल एकाच दिवशी यावा, हे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. पुण्याच्या कंपनीने तीन महिने मला घरून काम करायला दिलं होतं. आज दुपारी तीनला कंपनीतल्या चारुलता मॅडम माझा प्रोग्राम चालवून बघणार होत्या. चालला, तर इथेच, आमच्या चोपडा गावात घरी बसून पक्की नोकरी. नाही चालला, तर बॅग भरायची, पुण्यात खोली शोधायची आणि मुलाखती देत फिरायचं.

काम होतं केळी पिकवायच्या खोलीतल्या सेन्सरचं. खोली तापली की सेन्सर कॉम्प्युटरला हाक मारतो. या हाकेला म्हणतात इंटरप्ट. मग कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, हातातलं काम बाजूला ठेवून माझा कोड चालवायचा, तापमान वाचायचं आणि परत आपल्या कामाला लागायचं. माझा कोड तापमान अगदी बरोबर वाचायचा. पण त्यानंतर पडद्यावरचं घड्याळ थांबायचं, माउस मरायचा आणि अख्खं यंत्र ढिम्म व्हायचं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशी माझी इंजिनिअरिंगची पदवी. चार दिवस मी त्या यंत्राला शिव्या घातल्या, त्याने एकही मनावर घेतली नाही.

एक वाजता आई खोलीत आली आणि तिने लॅपटॉप मिटला. "नवरीनी बहीण शे तू, अन् कोंडीसन बसनी? चाल, तूप वाढाले."

मांडवात वरण-बट्टीची पंगत बसली होती. तूप हे आमच्याकडे जोखमीचं खातं. बाकी काही कमी पडलं तर लोक माफ करतात, तुपाचं मात्र दहा वर्षं काढतात. पंगतीचे कारभारी माझे आजोबा, जीवरामनाना, कंबरेवर हात ठेवून उभे होते.

पहिल्या ओळीतल्या पंडितआबांनी तुपासाठी हाक मारली. माझं भांडं रिकामं होतं, म्हणून मी काही न बोलता डब्याकडे पळाले. निम्म्या वाटेत पुन्हा हाक आली. मी परत आले, तूपच हवंय हे ऐकलं, निघाले. पुन्हा हाक, पुन्हा परत. असं पाच वेळा झालं. माझ्या हातून कुणालाच तूप मिळेना, आणि मागच्या तीन ओळी कोरड्या बट्ट्या कुस्करत माझ्याकडे बघत राहिल्या.

नाना जवळ आले. "पोरी, तू बठ्ठं ऐकस, पन ऐकं असं त्याले सांगत नही. आधी 'आनस' म्हण, मंग पय. नही तं तो वरडतच ऱ्हाई."

मी वळून पंडितआबांच्या डोळ्यांत बघितलं. "आनस, आबा," म्हणजे 'आणते', एवढंच म्हटलं. आबा तत्काळ गप्प झाले आणि वांग्याच्या भाजीकडे वळले.

मी डब्यापाशी जाऊन भांडं भरलं आणि तिथेच खिळले. तापमान मी वाचत होते, पण सेन्सरला 'ऐकलं' हे सांगतच नव्हते. त्याच्या आत हाक मारल्याची एक खूण असते, ती आपण पुसायची असते. मी ती कधी पुसलीच नव्हती. म्हणून तो ओरडत राहायचा, बिचारं कर्नल पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच धावायचं आणि बाकीची सगळी कामं खोळंबायची. चार दिवसांचं दुखणं, आणि औषध एका ओळीचं.

भरलेलं भांडं मी पंडितआबांच्या हातात दिलं. "आबा, आते तुमीच वाढा." आणि साडी सावरत पळाले.

तुपकट बोटांनी ती एक ओळ लिहिली. सेन्सर मुठीत धरून तापवला. आकडा आला, आणि घड्याळ चालूच राहिलं. मी खोलीत एकटीच नाचले, पलंगावर चढून नाचले, बाहेरच्या बँडच्या तालावर नाचले.

सव्वातीनला मॅडमचा फोन आला. "चाललं. नोकरी पक्की समज. पण आज अचानक कसं सुचलं?"

"पंगतीत तूप वाढताना, मॅडम."

"बरं. रिपोर्टमध्ये हे लिहू नकोस."

नाना सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून सेन्सर, हाक, खूण, सगळं एका दमात सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तू आठेच ऱ्हाशी?"

"आठेच, नाना. चोपड्यातच."

तीन महिन्यांत त्यांनी हा प्रश्न एकदाही काढला नव्हता. ताटातली अर्धी बट्टी मोडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.