हॉथॉर्नला बांधलेला हिरवा खण

धवलने आयर्लंडमधल्या कॉर्कहून फोटो पाठवला की पासिर रिसच्या त्या फ्लॅटमधली संध्याकाळ नासलीच म्हणून समजावं. आजही तेच झालं. उल्का आंग मो किओच्या ऑफिसातून दमून आली, आखडलेल्या बोटांनी किल्ली कशीबशी फिरवली, तर सासूबाई फोन नाकाशी धरून सोफ्यावर बसलेल्या.

"अजून तस्साच आहे गं," सुलभाबाई म्हणाल्या. "धागासुद्धा निसटला नाही."

निसटेल कसा? गेल्या वर्षी सगळे उल्काच्या दिराकडे, धवलकडे, आयर्लंडला गेले होते. गावाबाहेर एक जुना पवित्र झरा होता आणि त्यावर वाकलेलं हॉथॉर्नचं काटेरी झाड. झाडाला चिंध्याच चिंध्या. तिथली रीत अशी, की दुखणेकऱ्याच्या अंगावरचं जुनं फडकं झऱ्यात बुडवायचं, दुखऱ्या जागी लावायचं आणि फांदीला बांधायचं. फडकं कुजत जातं तसं दुखणं उतरत जातं. आधी झऱ्याला प्रदक्षिणा घालायची असते हे कळल्यावर तर सुलभाबाईंना ती जागा घरचीच वाटली. उल्काची बोटं संधिवाताने धरली होती. तिने वाद नको म्हणून आपला विटका सुती रुमाल पुढे केला.

"देवाच्या दारी चिंधी?" म्हणत सुलभाबाईंनी पर्समधून ओटीत आलेला कोरा करकरीत हिरवा खण काढला. शुद्ध पॉलिएस्टर. तोच भिजवला, सुनेच्या बोटांना लावला आणि पक्की निरगाठ मारली. आजूबाजूच्या चिंध्या केव्हाच मातीला मिळाल्या. खण मात्र तिथल्या पावसात कालच घडी मोडल्यासारखा चमकत होता.

"आई, माझी बोटं खणामुळे दुखत नाहीयेत," उल्का पुन्हा एकदा म्हणाली. "डॉक्टरांनी औषध बदललंय. होईल हळूहळू." होईल की नाही, याची तिलाही खात्री नव्हती. मीटिंगमध्ये ती हात टेबलाखाली ठेवायची. घरी बरणीचं झाकण उघडेना तर फडकं गुंडाळून झगडत बसायची, पण कुणाला हाक मारायची नाही.

"औषधाला कोण नाही म्हणतंय? पण चूक माझी आहे ना. धवलला सांगितलंय, रविवारी जाऊन खण सोड. तुझा रुमाल कुरियर करू, तो बांधेल."

उल्काने कपाळावर हात मारून घेतला आणि हात दुखला. नवरा बोटीवर, इंजिनरूममध्ये, नेटवर्कच्या पलीकडे सुखात. आणि तिने इथे रुमाल कुरियर करायचा.

तेवढ्यात धवलचाच व्हिडिओ कॉल आला. तो हसत होता. "वहिनी, आईला समजाव. शेजारचे आजोबा म्हणतात, बांधलेलं फडकं सोडू नये. जो सोडतो त्याला ते दुखणं लागतं. मी काही मानत नाही, जाऊन येतो रविवारी."

"खबरदार हात लावलास तर," सुलभाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुटलो एकदाचे, असं वाटून उल्का चहा ठेवायला उठली. साखरेची बरणी हातात घेतली, तर पाठीमागून आवाज आला.

"माझं तिकीट काढ. धवलकडचं."

आता मात्र उल्काचा तोल गेला. "लिफ्टपर्यंत जाताना तुमचे गुडघे बोलतात, आई. व्हिसा, थंडी, तो चिखलाचा चढ, आणि सगळं एका फडक्यासाठी? वैताग आणलाय तुम्ही नुसता."

"मी बांधलं, मीच सोडणार."

"अहो, आत्ता धवल काय म्हणाला ते ऐकलंत ना? जो सोडतो त्याला..."

"ऐकलं ना. म्हणूनच म्हणतेय." सुलभाबाई पदराने चष्मा पुसत होत्या. "तुला अजून नोकरी करायचीय. माझ्या बोटांना आता काय काम? मोदक काय, विकतही मिळतात."

ज्या बोटांच्या मोदकांसाठी गणपतीत टॅम्पिनीसहून माणसं यायची, ती बोटं देऊन टाकायची गोष्ट ही बाई चष्मा पुसता पुसता करत होती. उल्काला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढावा हेच कळेना.

"तिकीट मिळणार नाही," ती म्हणाली. "खण राहू दे तिथेच. झाडाला शोभतोय."

मग तिने बरणी सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"आणि हे झाकण उघडून द्या. मला उघडत नाहीये."