कोनशिलेवरचं 'सौ.'

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तांड्यातल्या पाण्याच्या टाकीला नवा रंग लागला आणि कोनशिलेवरून रुपीबाईचं नाव गेलं. रंजितानं ते शाळेत जाताना पाहिलं. स्कूटी थांबवली, पण उतरली नाही. अक्षरं छिन्नीनं खरवडून त्या खड्ड्यांवर काळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, धनसिंग जाधव, सरपंच.

रुपीबाई तिची आई. पाच वर्षं सरपंच होती. या टाकीसाठी महागावच्या पंचायत समितीत तिनं इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई तिला पाहताच खुर्ची सरकवायचा. मागच्या निवडणुकीत धनसिंग निवडून आला.

रंजिता फुलसावंगीच्या शाळेत इतिहास शिकवायची. त्या दिवशी सातवीच्या वर्गात पिरॅमिड व्हायचे होते. पिरॅमिड बाजूला राहिले. ती हत्शेपसुतबद्दल बोलत सुटली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बाईनं इजिप्तवर वीसेक वर्षं राज्य केलं. लांबच्या देशात जहाजं पाठवून धुपाची झाडं मुळांसकट आणवली, डोंगराच्या कड्याला लागून देऊळ बांधलं. चित्रांत तिला दाढी दाखवायचे, कारण राजाला दाढी हवीच. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिच्या सावत्र मुलानं भिंतींवरून तिचं नाव आणि चित्रं छिन्नीनं काढायला लावली.

"मंग ती सापडली कशी, मॅडम?" खुशीनं विचारलं. खुशी तांड्यातलीच.

"काही गोष्टी छिन्नीवाल्यांकडून राहून गेल्या. चित्र दाढीवाल्या राजाचं, पण खालच्या मजकुरात शब्द बाईचे. वाचणारे चक्रावले. हा राजा, मग 'ती' कोण? तिथून शोध सुरू झाला."

दुसऱ्या दिवशी हजेरी व्हायच्या आतच खुशी उभी राहिली. "मॅडम, आपल्या टाकीवर बी राहून गेलं! 'सौ. धनसिंग जाधव' लिवलं हाये."

वर्गात हशा फुटला. आईच्या नावाआधीचं 'सौ.' छिन्नीतून सुटलंय, हे रंजिताच्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळा तांडा हसत होता.

तिसऱ्या दिवशी धनसिंग शाळेच्या फाटकात उभा. "पोराईले हेच शिकवून राह्यली का तू?"

"मी इजिप्त शिकवलं, काका. टाकी त्यांनी आपली आपण वाचली."

"पेंटरची चुकी होय ते."

"आणि छिन्नी कोणाची होती?"

तो फाटक आपटून गेला. संध्याकाळी 'सौ.'ही खरवडलेलं होतं.

रंजिताला चैन पडेना. तिनं तहसीलदारांच्या नावानं तक्रारीचा अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. चहा उकळून आटला तरी कळलं नाही. रुपीबाई अंगणात सुपानं तूर पाखडत होती.

"याडी," रंजितानं आईला हाक मारली, "तुले काहीच वाटत नाही का?"

"मले काय वाटते ते सांगत फिरू का आता?" रुपीबाईनं सूप आपटलं. "सकायपासून येरझाऱ्या घालून राह्यली. माहं डोकं फिरवू नको."

रुपीबाई आत गेल्यावर वडील, लालसिंग, हळूच म्हणाले, "रंग लागला तवापासून तुही माय टाकीकडून जातच नाही. नाल्याकडून फिरून वावरात जाते. काही विचारू नको तिले."

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा भरली. रंजिताच्या पर्समध्ये अर्ज होता. उठावं की नाही या विचारात ती असतानाच रुपीबाई उभी राहिली.

"ग्रामसेवक साहेब, लिवून घ्या."

"वहिनी, नावाच्या नव्या फरशीले यंदा फंड नाही," धनसिंग घाईनं म्हणाला.

"फंड कोन मांगते? टाकीवरून माहं नाव कोनं काढलं, कोन्या तारखेले काढलं, कोनत्या ठरावानं काढलं, तेवढं वहीत लिवा."

ग्रामसेवकानं धनसिंगकडे पाहिलं. "ठराव तर नव्हता," तो पुटपुटला.

"मंग तसंच लिवा."

"लिवा ना साहेब, पेन अटकला का?" मागून शेजारची जमनी ओरडली. बाया हसल्या. धनसिंग खाली बघत होता. त्याच्याही घरी याच टाकीचं पाणी येत होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"लिवा," शेवटी तो म्हणाला. "मीच काढाले लावलं."

हे रंजिताला अपेक्षित नव्हतं. ग्रामसेवकानं लिहिलं, वाचून दाखवलं. रुपीबाईनं पुन्हा वाचायला लावलं, राहिलेली तारीख टाकून घेतली आणि सरपंच असताना शिकलेली सही एकेक अक्षर जुळवत केली.

सभा उठली. कोनशिलेवर धनसिंगचं नाव तसंच होतं. रंजिताला वाटलं, ही वही कपाटात जाईल आणि कपाटाची चावी याच लोकांकडे राहील. ती ग्रामसेवकाच्या टेबलाशी गेली.

"मला या पानाची सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे."

"आज सुट्टी हाये मॅडम. सोमवारी या."

"आज द्या. मी थांबते."

तो कुरकुरत झेरॉक्स काढायला बंटीच्या दुकानाकडे गेला. रुपीबाई केव्हाच निघून गेली होती, तिला तूर आवरायची होती. रंजिता दारात उभी राहिली. तासाभरानं कागद हातात आला, तेव्हा शिक्क्याची शाई ओलीच होती आणि तिच्या बोटाला लागली.