ऊन बाराव्या चौकोनात

न्यायालयाचा पहिला प्रश्न : चित्रफीत अखंड आहे काय?

उत्तर : नाही.

एवढं लिहून सैराकानने पेन खाली ठेवलं आणि चहा ओतून घेतला. नारीन शहरातल्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं सह्या, शिक्के, आवाज आणि चित्रफिती तपासत आली होती. ‘नाही’ हा तिचा रोजचा शब्द. पण आजचं ‘नाही’ एकटंच कोर्टात गेलं, तर बेगिमायचा तंबू हातचा गेला म्हणायचा.

(पुढचा मजकूर अहवालात येणार नाही.)

तीन वर्षांपूर्वी बेगिमायच्या लग्नात तिचे आजोबा ओसमोनाली भर पंगतीत उठले आणि म्हणाले, “आपण बसलोय तो हा तंबू, जाळी, लोकरीचे नमदे, दोर, सगळ्यासकट बेगिमायचा.” नवऱ्याच्या गावी तो उभारायला जागा नव्हती, म्हणून घड्या घालून थोरल्या काकाच्या, मुकाशच्या, गोठ्यात ठेवला. गेल्या हिवाळ्यात आजोबा वारले. या वसंतात बेगिमाय तंबू मागायला गेली. तिला तो वरच्या कुरणात उभारून परदेशी पाहुणे ठेवायचे होते, उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांवर तिचं आणि नवऱ्याचं वर्ष निघणार होतं. मुकाश म्हणाला, “कसला तंबू?”

लग्नाला दीडशे माणसं होती. पण निम्मी बेगिमायची, निम्मी मुकाशची, आणि तिसऱ्या बाटलीनंतर कोण काय बोललं, यावर शपथ घ्यायला कुणीही तयार नव्हतं. उरली लग्नाची फीत. मुकाशचं म्हणणं, फीत कापून जोडलेली आहे, म्हातारा असं बोललाच नाही.

न्यायालयाचा दुसरा प्रश्न : खंड असल्यास कोठे, व तो कशावरून दिसतो?

उत्तर : उन्हावरून.

सैराकानने ‘उन्हावरून’ खोडलं. मग पुन्हा लिहिलं. दुसरा शब्दच नव्हता.

कॅमेरा गोल तंबूच्या एका कडेला तिवईवर ठेवलेला, जागचा न हललेला. समोर लाकडी जाळीची भिंत, तिचे तिरके चौकोन. वरच्या गोल झरोक्यातून आलेलं ऊन त्या जाळीवर थाळीएवढं पडलेलं. सैराकानचं लहानपण असल्याच एका तंबूत गेलं होतं. ऊन कितव्या चौकोनात आलं म्हणजे घोडींची धार काढायची, हे तिला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. त्यामुळे फीत पहिल्यांदा पाहतानाच ती खुर्चीत सरळ बसली. पंगतीतून एकेक जण उठून पेला उंचावत आशीर्वाद देत होता. पहिल्या आशीर्वादाला ऊन अकराव्या चौकोनात होतं. दुसऱ्याला तिसऱ्यात. मग पाचव्यात. मग एकदम बाराव्यात.

सूर्य नशेत नव्हता. (खोडलं.)

फीत काढणाऱ्या दोरोनला कोर्टाच्या पत्राने बोलावलं. तो टोपी काखेत धरून दारातच उभा राहिला.

“ये बस. मूळ चित्रण कुठंय?”

“पुसलं, एजे,” तो थोरल्या बहिणीशी बोलावं तसा म्हणाला. “दुसऱ्या दिवशी कोचकोरला लग्न होतं, कार्ड एकच.”

“आणि ही फीत तू कापलीस.”

“कापली नाही! मानानं लावली.”

“म्हणजे काय रे?”

“अहो, त्यांचा सूत्रसंचालक शहरातला. आधी नवऱ्याकडचे सगळे उठवले. मग त्यांचा बसचालकसुद्धा उठवला. मुलीच्या आजोबांना डुलकी लागलेली, त्यांना जागं झाल्यावर. तशीच फीत दिली तर मला गावात कोण उभं करेल? मी नेहमीच वयानं लावतो. सगळेच लावतात. तुमच्या मुलीच्या लग्नाचीसुद्धा लावलेलीच असणार.”

सैराकानला आपल्या मुलीच्या लग्नाची फीत आठवली. तीत सैराकानची सासू पहिली बोलते. प्रत्यक्षात सासू बोलायच्या आधीच रुसून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती, दोन तासांनी आली.

“यात मात्र,” दोरोन टोपीशी बोलल्यासारखा म्हणाला, “एकांनी मुद्दाम सांगितलं होतं. आपल्याला वर घ्या म्हणून.”

“कुणी?”

“ते मी कोर्टात विचारलं तर सांगीन. इथं चहा पितो.”

तो गेल्यावर तिने सगळे आशीर्वाद उन्हाप्रमाणे पुन्हा लावले, आणि त्या तारखेचा, त्या गावचा सूर्य कोष्टकातून काढून ताडून पाहिला. जुळला. नवऱ्याचे आजोबा : तिसरा चौकोन. नवऱ्याचे वडील, यांनी घोडी दिली : पाचवा. बसचालक : दहावा. ओसमोनाली : अकरावा. आजोबा उठल्यापासून बसेपर्यंत ऊन बोटभर सरकलं, कुठेही न अडखळता. आणि त्यांच्या लगेच मागे बारावा चौकोन.

बाराव्या चौकोनातलं बोलणं तिने तीनदा ऐकलं. मग तिने उरलेला चहा कुंडीत ओतला आणि अहवाल एका बैठकीत संपवला.

न्यायालयाचा तिसरा प्रश्न तिथे, न्यायालयातच, वाचला गेला.

त्याआधी पहिलं उत्तर वाचलं, तेव्हा मुकाश टाळी वाजवून उभा राहिला होता. “ऐकलंत? अखंड नाही! सरकारी तज्ज्ञ बाई सांगतात!”

“खाली बसा,” न्यायाधीश तोल्कून म्हणाल्या. “दोरोन, फीत कुणाच्या सांगण्यावरून अशी लावली?”

दोरोनने बुटांकडे पाहिलं. “वयानं मी लावतोच, बाई. पण मुकाश-बाइकेंचा, या थोरल्या दादांचा, फोन आला होता. त्यांना बसचालकानंतर उठवलं होतं ना.”

“खोटं!” मुकाश ओरडला.

“खोटं कसं?” मागच्या बाकावरून त्याची बायको तुर्दुकान म्हणाली. “नऊ दिवस जेवताना तेच. चालक माझ्याआधी, चालक माझ्याआधी! मीच म्हटलं, करा बाबा त्या पोराला फोन, नाहीतर मी माहेरी जाते.”

खोलीत हशा पिकला. तोल्कूनबाईंनी टेबलावर पेन आपटलं, पण जरा उशिराच.

“तिसरा प्रश्न. क्रम बदलल्याने बोलण्याचा अर्थ बदलतो काय?”

“आजोबांच्या बोलण्याचा नाही,” सैराकान उभी राहून म्हणाली. “ते सलग आहे. मुकाश यांच्या बोलण्याचा बदलतो. सध्याच्या फितीत ते घोडीच्या लगेच नंतर बोलतात.”

“मग मी घोडीबद्दलच बोललोय!”

“उन्हाच्या क्रमाने दाखवते.”

पडद्यावर आजोबा उठले. जाळी, नमदे, दोर, सगळ्यासकट. ते बसले. ऊन अकराव्यातून बाराव्यात सरकलं, आणि लालबुंद मुकाश पेला उंच करून उभा राहिला : “आत्ता जे दिलं, ते आमच्या पोरीला लाभो! उद्या कुणी त्याच्यावर हक्क सांगायला आला, तर त्याच्या टाळक्यात पहिली काठी मी घालीन! ओमीन!”

आशीर्वाद संपला की फिरवतात तसे सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. पडद्यावरच्यांनी तर फिरवलेच, कोर्टातल्याही दोन म्हाताऱ्यांनी सवयीने फिरवले.

बेगिमाय हसत नव्हती. ती काकाकडे बघत होती. मुकाश पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होता, आणि मग पडद्यावरच बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या बापाकडे, जो मान हलवून त्याला शाबासकी देत होता.

“बंद करा ते,” तो हळूच म्हणाला. “नाही, थांबा. आता बंद करा.”

तोल्कूनबाईंनी निकाल दिला. तंबू बेगिमायचा. अपिलाची मुदत तीस दिवस, तोवर वस्तू जागेवरून हलवायची नाही.

“तीस दिवस?” बेगिमायचा आवाज चिरकला. “बाई, तोवर अर्धा उन्हाळा संपेल.”

“कायदा आहे, पोरी.”

“अपील कोण करतंय?” मुकाश गुरगुरला. “द्या इकडे तो कागद. करत नाही म्हणून कुठं लिहायचं? उन्हाळा सरल्यावर काय बर्फात उभारणार का ती?” त्याने सही केली. सैराकानने सवयीने मान वाकडी करून सही पाहिली. घाईची होती, पण खरी होती.

जिन्यात तो बेगिमायला म्हणाला, “उद्या ट्रक बघतो. नमदे आधी उन्हात टाकायला हवेत, कसर लागली असेल.”

“काका, दोर सगळे आहेत ना? चौदा?”

“तेरा,” मुकाश म्हणाला. “एकाला गाय बांधलीय. सोडून आणतो.”