दगडाची कुठली बाजू

जुनी चर्चं आणि थडगी या विषयात इश्बेल मन्रोचा शब्द बॅलकेरी गावात शेवटचा मानला जायचा. कॅनडातून, न्यूझीलंडमधून कुणी खापरपणजोबांचा माग काढत आलं की पोस्टातली बाई त्याला सरळ इश्बेलच्या दाराशी पाठवी. कुठलं घराणं कुठल्या चर्चचं, भांडून कोण कुणापासून फुटलं, आणि जन्मभर एकमेकांचं तोंड न बघणारे मेल्यावर चर्चच्या जुन्याच आवारात शेजारी शेजारी कसे आले, हे सगळं तिला तोंडपाठ. त्यामुळे वडील गेले तेव्हा त्यांची जागा तिनंच दाखवायची, हे कुणी ठरवायचीसुद्धा गरज पडली नाही.

आणि दफनाच्या आदल्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्याला सगळं ठाऊक आहे असं गावानं धरून चालावं, ही मोठी जीवघेणी गोष्ट असते.

तिच्या वडिलांनी, हेक्टर मन्रोंनी, मागितलं होतं एकच. आईशेजारी जागा. ते जेमतेम चालायला-बोलायला लागले होते तेव्हा आई गेली, आणि त्यांना दूर ग्रीनॉकला मावशीकडे धाडून दिलं. तिथल्या गोदीत हाडं झिजवून ते म्हातारपणी एकटेच इश्बेलकडे गावी परतले. बायकोची राख तिच्याच इच्छेनं समुद्रात गेली होती. शेवटी शेवटी ते इश्बेलचं मनगट धरून एकच घोकायचे, "मला परक्यांत टाकू नकोस, पोरी. एकदा टाकून झालंय."

मन्रोंचा दगड शोधणं अवघड नव्हतं. पणजोबांनी उभारलेला, भलाथोरला, वर सगळी नावं, हेक्टरच्या आईचंही. इश्बेलनं नगरपालिकेच्या कबरी खणणाऱ्या डगीला नेऊन दाखवलं, अक्षरांसमोरची जमीन. डगी नवा होता, इन्व्हरनेस शहरातून आलेला. त्यानं मान हलवली आणि खुणेची खुंटी ठोकली.

दफनाच्या दिवशी सकाळी ती चहाचा थर्मास घेऊन आवारात गेली. ऊन अजून तिरपं होतं. पूर्वेच्या गवतात एक लांबट चौकोनी उंचवटा सावली टाकून पडला होता. रोज दुपारी ती इथून जायची, तेव्हा तिथं सपाट गवताखेरीज काही दिसत नसे. तिचे पाय जागीच थांबले. जळालेल्या जुन्या चर्चचा पाया. आताचं चर्च पश्चिमेला, पण पणजोबांच्या वेळी लोक बाहेर पडायचे ते या बाजूनं. म्हणून तर जुन्या दगडांची तोंडं इकडे. चर्चमधून येणाऱ्यानं मेलेल्यांना न तुडवता नाव वाचावं, अशी तेव्हाची रीत. म्हणजे माणूस अक्षरांसमोर नाही, दगडाच्या पाठीमागे. अक्षरांसमोर आहेत ते पुढच्या दगडाचे मॅन्सन.

आणि डगी गुडघाभर खड्ड्यात उभा होता.

"डगी, थांब."

"चहा आणलात? देव तुमचं भलं करो."

"थांब म्हणते ना. चुकीच्या बाजूला खणतोयस."

त्यानं दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काल तुम्हीच दाखवलीत, बाई. बोट करून."

"काल मी गाढव होते."

"आणि आज?" मागून आवाज आला. तिचा धाकटा भाऊ रोरी, काळा कोट घालून, सँडविच खात. समुद्रातल्या तेलविहिरींवर आयुष्य काढल्यामुळे त्याला जमिनीवरच्या सगळ्याच काळज्या फालतू वाटत. "हात दोन हात इकडेतिकडे. बाबांना काय कळणार आहे?"

"मॅन्सनांच्या उरावर ठेवायचं का त्यांना?"

"मॅन्सन सगळे ऑस्ट्रेलियात. तक्रार कोण करणार?"

"बाबा," इश्बेल म्हणाली.

रोरीनं सँडविच खिशात कोंबलं.

"दुपारी पाद्री येतोय," डगी म्हणाला. "हा बुजवून दुसरा खणायला जेमतेम वेळ आहे. नंतर पुन्हा विचार बदललात तर मला जमायचं नाही. नक्की काय ते सांगा."

नक्की. ती उंचवट्याकडे धावली. हा मेंढवाडा असला तर? नाही, इतका रुंद मेंढवाडा कोण बांधतो, आणि दाराची खाच थेट दगडांकडे आहे. परत आली तर रांगेतला एक दगड उलट्या तोंडाचा दिसला. वाकून पाहिलं तर त्याच्या बुडाशी सिमेंट. पडलेला, मागाहून कुणीतरी उलटा उभा केलेला. मग मन्रोंचाही तसाच केला असेल तर? ती गुडघ्यांवर बसली आणि नखांनी दगडाचं बूड खरवडू लागली. शेवाळ, माती, पुन्हा शेवाळ. सिमेंट नव्हतं.

"मागच्या बाजूला खण," ती म्हणाली.

डगीनं खणलं. रोरीनं कोट काढून पहिला खड्डा बुजवायला घेतला. शेवटी फावडं कशावर तरी बद्द वाजलं. डगीनं हातानं माती सारली. काळं पडलेलं लाकूड.

"कुणीतरी आहे," तो म्हणाला.

कुणीतरी तर पलीकडेही असणारच होतं. माती काही नाव सांगत नाही.

"यांच्यावर तुमचे बाबा," डगी माती झटकत म्हणाला, "आणि त्यांच्यावर आणखी एकाला जागा राहील."

दुपारी गाव जमलं. मन्रोंना दगडाच्या पाठीमागे का पुरतायत, अशी कुजबुज सुरू झालीच. शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या जवळच्यांत वाटल्या गेल्या. डोक्याकडची रीतीप्रमाणे मुलाची, पण रोरीनं ती इश्बेलच्या हातात दिली आणि स्वतः शेजारची घेतली. पेटी खाली जाऊ लागली.

"रोरी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "चुकलं असेल तर?"

"तर वरची जागा माझी."

"काय?"

"खाली कोण का असेना. मी वर आलो की बाबा परक्यांत नाहीत."

"तू तर राख समुद्रात टाका म्हणत होतास. आईसारखी."

"म्हणत होतो."

तिला रडू फुटलं, सगळ्या गावासमोर, आणि तिनं ते आवरलं नाही. पेटी तळाला टेकली. दोरीला ओझं राहिलं नाही.

"मी थोरली आहे," ती म्हणाली. "ती जागा माझी."

पाद्रीनं खाकरून त्यांच्याकडे पाहिलं. रोरीनं आपली दोरी सोडली, आणि मग तिनंही सोडली.