दिवसाची वीज

आज ग्रामसभेत जोरदार जुंपणार, हे निरगुडसरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. देवळापुढचा मांडव सकाळीच गच्च भरला. हर्षाली यंदा पहिल्यांदाच सदस्य झालेली, आणि ठरावही तिचाच. गायरानातल्या खडकाळ तुकड्यावर सोलर बसवायचं, म्हणजे पंपांना दिवसा वीज मिळेल. सध्या वीज यायची ती रात्री, आणि रात्री उसात बिबट्या. तिचा नवरा भरत बॅटरी घेऊन पाणी भरायला जायचा आणि तो परत येईपर्यंत हिचा जीव टांगणीला. ठराव मंजूर झाला तर तिचं घर रात्री झोपणार होतं.

पण बाईनं उत्साहाच्या भरात घोळ घातला. जुन्नरच्या प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं ठरावात कोंबलं: हवामान बदल, कार्बन, आणि जेवढा धूर सोडू तेवढाच शोषून घ्यायचा तो नेट झिरो. हौशीरामतात्यांना तेवढंच पुरे होतं. तात्या म्हणजे तिचे चुलत सासरे आणि विरोधी पॅनेलचे पुढारी. माईक हातात आला की ते कुणाच्या बापाला आवरत नसत.

"नेट झिरो म्हंजी काय, भाऊ? धूर काढला इलायतेनं, आन् चूल इझवायची आमी? कालपतूर हेच मोठं पुढारी झाडं लावा म्हनत व्हतं. मतं जायला लागली, तसं तेच म्हनत्यात, ही थेरं बंद करा! आमाला न्हाई पायजे!"

टाळ्या, शिट्ट्या! लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. बरं, तात्यांचं बोलणं अगदीच खोटं होतं असंही नाही.

ती ताडकन उठली. "तात्या, नेट झिरो जाऊ द्या खड्ड्यात! दिवसा वीज पायजे का न्हाई, तेवढं बोला!"

तात्यांनी माईक खाली घेतला.

"वीज नको कोन म्हनतंय? माजा ल्योक सुदर्शनबी रातच्याला उसातच आसतो."

"मग?"

"मग पयला ठराव घ्या, नेट झिरोला गावाचा इरोध! त्यो झाला, की सोलरला अनुमोदन माजं, राव!"

ग्रामसेवकांचं पेन जागीच थबकलं. पण मांडवात असा जल्लोष उसळला की त्यांना विचारावंच लागलं, "विरोधाच्या ठरावाला कोण कोण?"

हर्षालीला हे मनापासून पटत नव्हतं. ऋतूंचं गणित बिघडलंय, हे ती दरसाल कांद्याच्या वावरात बघत होती. पण समोर गर्दीत भरत उभा होता, जागरणानं डोळे लाल झालेला. सगळ्यांत आधी हात वर गेला तो तिचाच.