सव्वापाच सूत

मंगलआक्काच्या कॉफी मशीनचा पितळी एल्बो, म्हणजे नळीचा काटकोनी सांधा, फुटला तेव्हा 'टक्' असा एवढासाच आवाज झाला. तो ऐकून श्रीनाथच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपलं गणित चुकलेलं नाही. पाना चाळीस सेंटिमीटर लांब, हाताचा जोर इतका, म्हणजे पिळाचा जोर इतका; पितळेनं तो सोसायला हवा होता. पितळेनं पुस्तक वाचलेलं नव्हतं, एवढंच.

"काय मोडलं रं?" पुढून आक्का ओरडली.

"काही नाही."

"काही न्हाय मोडलं तर टक् वाजतंय व्हय?"

श्रीनाथ मूळचा गुंजीचा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि आता बेळगावच्या एका कॉलेजात मुलांना प्रयोगशाळेत व्हर्नियर धरायला शिकवायचा. थोरली बहीण मंगल पिरनवाडीत दिलेली. तिचं रस्त्याकडेला चहा-नाश्त्याचं दुकान होतं आणि गेल्या महिन्यात तिनं गोव्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून एस्प्रेसो मशीन आणलं होतं. सगळं पिरनवाडी येऊन ते बघून गेलं होतं, पण त्यातून कॉफी आलेली अजून कुणी बघितली नव्हती.

ती उद्या यायला हवी होती. जयाबाईंच्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी दहाला साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी निपाणीची, आणि त्यांना मशीनचीच कॉफी हवी होती. जयाबाईंनी आक्काला स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या जमली तर ह्या सीझनची सगळी लग्नं तुझी. न्हाय जमली तर माझा जुना आचारी हाय. त्यो पिंपात करतोय, आनि त्येचं पिंप फुटत न्हाय."

अडचण पाण्याची होती. जयाबाईंच्या कार्यालयातल्या पंपाचा जोर असा, की नळ सोडला की बादली मागं सरकायची. मशीनला तेवढा जोर झेपणार नाही म्हणून श्रीनाथनं पाण्याचा दाब कमी करणारा एक अमेरिकन व्हॉल्व्ह फोनवरून मागवला होता. व्हॉल्व्हवर ३/८ कोरलेलं. मशीनच्या पाठीमागच्या एल्बोवरही ३/८ कोरलेलं. पहिले अडीच फेरे व्हॉल्व्ह गोडीगुलाबीनं आत गेला आणि मग हट्टी बैलासारखा बसला. तिथं शहाणा माणूस थांबतो. श्रीनाथ शिकलेला होता. त्यानं पाना घेतला.

"भावकूला हाक मार," आक्का फुटक्या एल्बोकडं बघत म्हणाली. "तीन घरं सोडून तर ऱ्हातोय. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर असतोय."

"भावकू? आक्का, तो गुंजीच्या शाळेत माझ्या बाकावर होता. दहावीच्या एसएसएलसीला गणितात..."

"दोनदा नापास. म्हाईत हाय मला. पर त्यानं माझं काय मोडलंय का आजपातूर?"

श्रीनाथनं पिशवीतून व्हर्नियर काढला आणि मशीनमागच्या नळीचं तोंड, आट्यांच्या, म्हणजे पिळाच्या खाचांच्या, बाहेरून तीनदा मोजलं. सरासरी आली १६.६६ मिलिमीटर. बाजारात इंचाचे आठ भाग करून सूत म्हणतात, हे त्याला वडलांपासून माहीत होतं. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. भागाकार केला, उत्तर आलं ५.२५. इतकं नेटकं उत्तर बघून त्याला बरं वाटलं. निसर्ग आपल्या बाजूनं असला की आकडे असेच सरळ येतात. एल्बोवर ३/८, म्हणजे तीन सूत कोरलेलं होतं; पण कोरलेल्यापेक्षा मोजलेल्यावर त्याचा विश्वास.

खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत परशराम अण्णांचं हार्डवेअरचं दुकान होतं. अण्णा फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये भांडत होते. "साकु, साकु!" असं 'पुरे, पुरे' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि श्रीनाथकडं मान वळवली.

"अण्णा, पितळी एल्बो पाहिजे. सव्वापाच सूत."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "कितीचा?"

"सव्वापाच."

"एल्बो पाहिजे का देवापुढं दक्षिणा ठेवायला पाहिजे? आण बघू हिकडं."

श्रीनाथनं फुटका तुकडा दिला. अण्णांनी तो मोजला नाही, पारखला नाही. नुसती करंगळी आत घातली. "तीन सूत."

"अण्णा, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. हे सोळाच्या वर आहे. आतून मोजा, बाहेरून मोजा, तीन सूत कुठेच येत नाही."

"न्हायच येत कुठं."

"मग तीन सूत का म्हणता?"

"माझं नाव परशराम हाय. म्हणून कुऱ्हाड घेऊन बसलोय काय मी?"

अण्णांच्या मागे भिंतीवर विकायच्या सहा कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"आयिक," अण्णा जरा मऊ झाले. "लई वर्सांपूर्वी पाईप जाडजूड असायचे. आतलं भोक तीन सूत, म्हणून पाईप तीन सूत. फुडं पत्रा बारीक झाला, भोक मोठं झालं, नाव ऱ्हायलं. आमची थोरली बहीण बेबी. आता सत्तरीला आलीया. अजून बेबीच की!"

हे मात्र श्रीनाथला पटलं. इतकं पटलं की त्यानं खिशातली वही काढून लिहून घेतलं : नाव हे माप नव्हे. आपण माप अचूक घेतलं आणि नाव चुकीचं सांगितलं, तेही दोन दशांशांपर्यंत. तीन सुताचा एल्बो घेऊन तो पिरनवाडीच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याला आपण आज काहीतरी शिकलो असं वाटत होतं, आणि शिकल्यावर माणसाला वाटतं तसं आता सगळं सुरळीत होणार असंही वाटत होतं.

एल्बो मशीनवर नुसत्या बोटांनी फिरला. श्रीनाथनं दुसऱ्या तोंडात व्हॉल्व्ह लावला. एक फेरा, दोन फेरे, अडीच. बैल बसला.

त्याची नजर पान्याकडं गेली. त्याच्याआधी आक्काची गेली होती. तिनं पाना उचलला आणि सरळ बेसनाच्या डब्यात घालून झाकण लावलं.

त्यानं अण्णांना फोन केला. "अण्णा, दोन्ही तीन सूतच ना?"

"तीन सूतच. जात न्हाय? आट्यांवर टेप जास्त गुंडाळ."

टेप जास्त गुंडाळल्यावर व्हॉल्व्ह दीड फेऱ्यातच अडकला. आता मात्र श्रीनाथ खाली बसला. चिडून पान्यापर्यंत जाता येत नसलं की माणूस विचार करतो. त्यानं वहीतला आलेखाचा कागद फाडला, व्हॉल्व्हच्या आट्यांवर धरला आणि लहानपणी नाण्यांवर घासायचा तशी पेन्सिल घासली. कागदावर बारीक रेघा उमटल्या. मग एल्बो काढून मशीनच्या नळीवर तेच केलं. अर्ध्या इंचातल्या रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मशीनच्या साडेनऊ. व्हॉल्व्हच्या नऊ.

"आक्का! इकडे इंचाला एकोणीस आटे, तिकडे अठरा! दोघांचं नाव तीन सूतच, पण आटे वेगळे. पहिले दोन-अडीच फेरे कळत नाही. मग जरा जरा फरक साठत जातो आणि अडकतं."

आक्का कांदा चिरत होती. "अठरा तर जुळत्यात न्हवं? लग्नाला बी छत्तीसातले अठराच लागत्यात."

"लग्नात अडकलं तर माणसं ओढत नेतात. पितळ नेत नाही."

"मग आता?"

"एक छोटा तुकडा पाहिजे. एका बाजूनं एकोणीस, दुसऱ्या बाजूनं अठरा."

त्यानं बेळगावातल्या पाच दुकानांत फोन केले. दोघांनी नाही म्हटलं, दोघांनी तीन सूत तीन सूतच असतंय म्हणून सांगितलं, आणि पाचव्यानं विचारलं की हे सव्वापाचवालेच का. बातमी बाजारात पसरली होती.

चार वाजले. आक्कानं थर्मासमध्ये चहा भरला आणि भावापुढं ठेवला. थर्मास कुणासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उद्यमबागेतल्या त्या शेडमध्ये तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. भावकू लेथ बंद करून हात पुसत आला. "या मास्तर! वाट चुकलासा काय?"

श्रीनाथनं थर्मास पुढं केला आणि व्हॉल्व्ह दिला. व्हॉल्व्ह हातात घेताच भावकू म्हणाला, "ह्यो अठराचा. अमेरिकेचा."

श्रीनाथचा आलेखाचा कागद खिशातून अर्धवट बाहेर आला होता, तो तसाच राहिला. "तुला कसं कळलं?"

"कळाय काय लागतंय? आमचा समदा माल तिकडंच जातोय. दिवसाला चारशे नग काढतोय मी अठराचे." भावकूनं चहा ओतला. "आनि अठरा आकडा मी कसा इसरीन रं? गणितात तेवढंच पडलेलं. दोन्ही बारी."

श्रीनाथला हसावं की नाही कळेना. भावकू हसला, मग तोही हसला. भावकूनं त्याच्या खिशातला कागद ओढून घेतला आणि उजेडात धरला.

"ह्ये काय?"

"गेज नव्हता. पेन्सिलीनं मोजलं."

भावकूनं आटे मोजायची फणीसारखी एक दातेरी पट्टी काढून त्या रेघांवर ठेवली. बरोबर बसली. "लई डोकं हाय रं तुला," तो मनापासून म्हणाला. "पाना तेवढा हातात घेऊ नगंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळी टक् वाजलं न्हवं? तीन घरं सोडून तर ऱ्हातोय मी."

मग त्यानं पितळेची एक कांडी लेथला लावली. सोनेरी कुरळी सालं निघायला लागली. एका टोकाला बाहेरून एकोणीसचे आटे, दुसऱ्या टोकाला आतून अठराचे. श्रीनाथ शेजारी उभा राहून प्रत्येक टप्प्याला प्रश्न विचारत होता आणि भावकू प्रत्येकाचं उत्तर देत होता. बाकावर हे नेमकं उलटं चालायचं. अर्ध्या तासात अंगठ्याएवढा तुकडा तयार झाला. भावकूनं त्यावर फुंकर मारली. "घे. ह्येचं नाव काय ठेवू नगंस. ठेवलंस की घोटाळा."

रविवारी सकाळी साडेनऊला कार्यालयाच्या स्वयंपाकघरात मशीन मांडलं गेलं. भावकू अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि तसाच टेबलाखाली शिरला. शेजारच्या हॉलमध्ये निपाणीची मंडळी येऊन बसली होती. भिंत पातळ होती, आवाज सगळा जायचा.

श्रीनाथनं एल्बो फिरवला, तुकडा फिरवला, व्हॉल्व्ह फिरवला. एक फेरा. दोन. अडीच. आक्कानं डोळे मिटले. तीन. चार. शेवटचा पीळ भावकूनं आपल्या छोट्या पान्यानं दिला. पंप सुरू झाला. नळी थरथरली. सांध्यावर थेंब नाही.

"जुळलं!" श्रीनाथ ओरडला. "आक्का, सूत जुळलं!"

साखरपुड्याच्या घरात हे ओरडायचं वाक्य नव्हे. जयाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे कान टवकारले. "कुणाचं रं?"

टेबलाखालून भावकूनं खरं ते सांगितलं. "अठराचं आनि एकोणीसचं, काकू."

जयाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "एकोणीस? पोरगा एकोणीसचा? अगं बाई! पोराला एकवीस लागत्यात! माझ्या कार्यालयाला सील लागंल की!"

भिंतीनं आपलं काम केलं. हॉलमध्ये कुजबुज उठली. दोन मिनिटांत मुलीचे वडील मुलाचं आधार कार्ड मागत होते, आणि मुलाचा मामा उभा राहून विचारत होता, "आमच्या पोराला सव्वीस पुरं झालंय! ह्ये कोण म्हणतंय?"

आक्कानं भावाला पाठीत ढकललं. "जा. तूच सांग."

श्रीनाथ एका हातात फुटका एल्बो आणि दुसऱ्या हातात आलेखाचा कागद घेऊन मंडळींसमोर उभा राहिला. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. सूत म्हणजे काय, तीन सूत तीन सूत का नसतं, बेबी सत्तरीची असूनही बेबी कशी, इंचाला अठरा आणि इंचाला एकोणीस. साखरेच्या पुड्यापाशी बसलेला नवरा मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मुलीनं मात्र पदराआडून विचारलं, "मग दोन्हीच्या आट्यांचा कोन पण वेगळा असेल ना?" श्रीनाथला भरून आलं. "हो! एक पंचावन्न अंशांचा, एक साठ—"

"पावनं," मुलाचा मामा म्हणाला, "कॉफी हाय का न्हाय?"

त्याच क्षणी आक्का ट्रे घेऊन आत आली. कपांवर तपकिरी फेस होता. मामांनी एक घोट घेतला, तोंड कडू केलं, तीन चमचे साखर घातली, दूध मागितलं, कप बशीत ओतला आणि फुर्रर्र करून संपवला. "दुसरा आणा," ते म्हणाले. आधार कार्ड खिशात परत गेलं.

जयाबाईंनी स्वयंपाकघरात येऊन उभ्यानंच कप घेतला. पिऊन झाल्यावर आक्काला म्हणाल्या, "सीझन तुझा. पर एक अट हाय. कॉफी तू कर, नळ त्यो टेबलाखालचा बघू दे. आनि तुझा भाऊ..." त्यांनी श्रीनाथकडं बघितलं. तो सांध्याजवळ तोंड नेऊन, घड्याळ लावून, थेंब येतोय का ते बघत होता. "त्येला सांग, ह्या कार्यालयात लग्न असताना आकडं बोलायचं न्हाय."

श्रीनाथनं मान हलवली. सांध्यावर काहीतरी चमकल्यासारखं झालं. थेंब की नुसता उजेड? पाव फेरा अजून बसला असता. त्यानं सवयीनं पान्यासाठी हात मागं केला.

"बेसनात हाय," आक्का मागं न बघता म्हणाली. "आनि डबा घरी हाय."