भिंतीकडे तोंड केलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. झाकणाला कडी, बुडाशी एक पोचा आणि पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या दोन ओळी. मित्रांनो, या दोन ओळींमुळे एका बाईच्या आणि तिच्या लेकीच्या डोक्यावरचं छप्पर जायला निघालं होतं. मी तेव्हा समोर बसून सगळं ऐकत होतो आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

तुमच्या घरातले प्लॅस्टिकचे डबे मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना ना वजन, ना नाव. मला तांबटाने ठोकून ठोकून घडवलं. शिरूरच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होतो. एके दिवशी वडगाव रासाईचे सावळाराममामा आले. भाचीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं, झाकण पुन्हा पुन्हा लावून काढलं आणि म्हणाले, "ह्योच द्या. आन् ह्याच्यावर नाव घाला."

"काय घालू?" नाव घालणाऱ्याने छिन्नी उचलली.

मामा जरा थबकले. "नकुशी."

नाव घालणाऱ्याचा हात हवेतच राहिला. तीन मुलींवर चौथी झाली, कुणालाच नको होती, म्हणून घरच्यांनी तिला हे नाव चिकटवलं होतं. "दुसरं काय घालू का? लग्नातलं नाव?" त्याने विचारलं.

"न्हाई. तिचं हाय त्येच घाला. नाव कसलं का आसंना, पोरगी लाखात एक हाय."

मग टक टक करत अक्षरं उमटली. 'चि. सौ. कां. नकुशी हिस सावळाराममामा, वडगाव रासाई यांजकडून सप्रेम भेट.' दुखलं, खोटं कशाला बोलू? पण रुखवतात मला पहिल्या रांगेत मांडलं आणि येणाराजाणारा माझ्यावरचं नाव वाचू लागला, तेव्हा माझी छाती फुगली होती.

नकुशी कासुर्डीला नांदायला आली. नवरा सोपान ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, हंगामात पाटसच्या साखर कारखान्याला ऊस ओढायचा. तो घरी आला की आधी माझं झाकण उघडायचा, कारण माझ्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे. सासू शेजारणींना मला वाजवून दाखवायची. लेक झाली, अपेक्षा. तिने मला ढोल केलं आणि तो पोचा पाडला. त्या पोच्याचा मला मुळीच राग नाही.

पुढे सोपान खंगत गेला. रोगाचं निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. तो गेला. नकुशीचं रक्त तपासलं, तिलाही तीच लागण निघाली. अपेक्षाचं तपासलं, ती सुखरूप होती. मी आजाराचं नाव मुद्दाम स्पष्ट सांगतो, कारण त्या घरात ते कुणी घेतच नसे. 'त्यो रोग' म्हणत आणि दार लावून घेत.

सासूने नकुशीचं ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा काढला आणि मला गोठ्यात नेऊन टाकलं. ज्या पोटात लाडू असायचे त्यात म्हशीची सरकी आली. मी हिरवा पडलो. एका दुपारी दिराने नकुशीला माहेरी जायला सांगितलं. मामा तर आधीच वारले होते. भावांनी अर्धं दार उघडलं आणि उघडलं तेवढंच लावून घेतलं. नकुशीने अपेक्षाला आणि मला घेतलं आणि ती दौंडला आली.

सरकारी दवाखान्यात तिला गोळ्या सुरू झाल्या. रोज ठरल्या वेळेला एक गोळी. ती घेत राहिलं की माणूस धडधाकट जगतं, चुकवत राहिलं की आजार डोकं वर काढतो. मित्रांनो, गोळी फुकट मिळते. पण ती ठेवायला फळी लागते, फळीला भिंत लागते आणि भिंतीला भाडं लागतं.

पहिल्या खोलीत शेजारणीने नाव-गाव विचारलं. नकुशीने सरळ सांगितलं. कुणीतरी कासुर्डीला फोन लावला आणि आमचं सामान बाहेर आलं. दुसऱ्या खोलीत अगदी तसंच घडलं. तेव्हा हातगाडीवर सामान चढवण्याच्या गडबडीत गोळ्यांची पिशवी हरवली. भीतीने तिने दवाखान्यात जाऊन सांगितलंही नाही. नकुशी इतकी आजारी पडली, की अपेक्षा रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून राहिली. पुन्हा एकदा असं झालं तर काय होईल, हे त्या पोरीलाही कळत होतं.

शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी तिला एका संस्थेतल्या अनुपमाताईंकडे पाठवलं. संस्थेकडे अशा अडलेल्या माणसांसाठी थोडा निधी होता. नव्या खोलीची अनामत, सुरुवातीचं काही महिन्यांचं भाडं आणि घरात शिधा, एवढं त्यांनी मिळवून दिलं.

"अनामत एकदाच देता येते हं," अनुपमाताई म्हणाल्या. "आणि एक सांगते, नकुशीताई. आजार कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हे तुम्ही ठरवायचं, तो तुमचा हक्क आहे. पण नाव मात्र खरं सांगा. नाव लपवलंत तर लोक भलतंच काहीतरी समजतील."

नकुशीने मान हलवली. आणि नवे घरमालक पोपटराव यांच्या दारात उभी राहून, त्यांनी नाव विचारताच म्हणाली, "सारिका."

आता तुम्ही तिला हसाल. पण खरं नाव सांगून जिचं सामान दोनदा रस्त्यावर आलं, तिने तिसऱ्यांदा तेच कशाला सांगावं?

पोपटराव रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात त्यांची बायको गिताबाई. मधे चिंचोळं अंगण आणि पलीकडे आमची खोली. नकुशीने पहिल्या दिवशी मला फळीवर ठेवलं आणि अक्षरं भिंतीकडे फिरवली. चिंच लावून घासलं की पितळ उजळतं आणि कोरलेलं नाव जास्तच ठसठशीत दिसतं. म्हणून तिने मला घासणंच सोडून दिलं. ती एका टेलरकडे शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं करायची. पोपटराव दिसले की विचारायचे, "आधारची झेरॉक्स द्यायची राहिली बरं का." ती म्हणायची, "देते, आप्पा." असं रोज चालायचं.

गिताबाई मोठ्या मायेची आणि तेवढ्याच तापट स्वभावाची. वाटीतून कालवण पाठवायची. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून नकुशी त्यात कधी गूळ, कधी चमचाभर साखर घालून द्यायची. अशी ती वाटी दोन घरांत फिरत होती.

मग गिताबाई तापाने आडवी झाली. सांधे असे धरले की उठवेना. पोपटरावांना चहासुद्धा नीट जमत नव्हता. नकुशीनेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रांगेत बसवलं, परत आणलं, तोंड पुसलं. रोज सकाळी ती स्टीलच्या डब्यातून खिचडी न्यायची. एके दिवशी तो डबा अपेक्षा शाळेत घेऊन गेली. टेलरकडे जायची घाई होती. नकुशीने मला खाली काढलं, कल्हई शाबूत आहे ना ते पाहिलं, खिचडी भरली आणि गिताबाईच्या चुलीपाशी ठेवून ती तशीच कामाला पळाली. अक्षरं आता भिंतीकडे नव्हती.

दुपारी पोपटरावांची बहीण ताईबाई वहिनीला बघायला आली. ती वडगाव रासाईला दिलेली. कामसू बाई, आल्या आल्या भांड्यांना बसली. मला चिंच लावली आणि खसाखसा घासलं. किती दिवसांनी कुणी घासत होतं! मला बरं वाटलं, आणि लगेच धडकी भरली. तिचा हात थांबला होता.

"वयनी, तुझी भाडेकरीण कोण म्हणालीस? सारिका?"

"व्हय."

"मंग हिच्या डब्यावर नकुशी कसं? ह्यो तर आमच्या सावळारामाच्या भाचीचा डबा. कासुर्डीला दिलती ती. नवरा त्या रोगानं गेला, आन् हिला बी त्योच हाय. आख्ख्या गावाला ठावं हाय. आन् तू तिच्या हातचं खातीयस?"

तिने हाताला पदर गुंडाळला आणि मला कोपऱ्यात ढकललं. पोपटराव ताडकन उठले. "म्हंजी नाव खोटं! म्हणूनच बाई आधार दाखवत नव्हती. आज सांच्याला खोली खाली करायला लावतो."

त्याच वेळी नकुशी कामावरून आली. अंगणापलीकडची तिची खिडकी मला कोपऱ्यातून दिसत होती. तिने फळीकडे पाहिलं. तिथे धुळीत माझ्या बुडाएवढा गोल तेवढा स्वच्छ होता. मग तिने इकडचे चढे आवाज ऐकले आणि फोन उचलला. ती अनुपमाताईंशी बोलताना ऐकू आली. "ताई, समजलं त्यांना... न्हाई, आजून कुणी काय बोललं न्हाई... कायदा आसंल ताई, पर रस्त्यावर उभं ऱ्हायल्यावर कायद्याला काय पांघरू? उद्या गोळ्या आणायची तारीख हाय माझी..." फोन ठेवून ती गाठोडं बांधू लागली. सगळ्यात आधी तिने गोळ्यांची डबी पदराच्या गाठीत बांधली.

इकडे गिताबाई अंथरुणात उठून बसली. 

"ताई," ती म्हणाली, "तू कवा आलीस?"

"आत्ताच की, दुपारी."

"आन् मी पडले कवा?"

ताईबाई वळून हात धुऊ लागली.

"मला कूस बदलाया येत नव्हती तवा हीच हुती. दवाखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिवलंय, जेवल्यानं, भांड्यानं, शेजारी बसल्यानं ह्यो आजार होत न्हाई. रांगेत बसून सगळं वाचलंय मी. तवा ही माझ्या शेजारीच बसली हुती, आन् शब्दानं बोलली न्हाई." गिताबाईला धाप लागली. "नाव खोटं सांगितलं त्याचा मला राग आलाय. लई आलाय. पर त्यो मी तिच्यावर काढीन. तुम्ही कुणी मधी पडायचं न्हाई."

"घर माझ्या नावावर हाय," पोपटराव म्हणाले.

"आसंल. चूल माझ्या हातात हाय."

ती भिंत धरून उठली. मला कोपऱ्यातून उचललं, पुसलं आणि माझं झाकण उघडलं. माझ्यात काय पडलं ते मला लगेच कळलं. पण नकुशीला कुठं ठाऊक होतं? झाकण लागलं आणि आम्ही अंगणात उतरलो. गिताबाईचे पाय लटपटत होते. मी पडलो तर पडलो, ही बाई पडू नये, असं मला वाटत होतं.

नकुशीने तिला पाहिलं आणि हात जोडले. "काकू, जातो आम्ही. आप्पांवर बोलायची पाळी आणत न्हाई. फकस्त उद्याचा दिवस ऱ्हाऊ द्या, दवाखान्यात जायचंय." अपेक्षा दप्तर पाठीला लावून दाराला टेकून उभी होती.  तिला आता याची सवय झाली होती, आणि मला तेच बघवेना.

गिताबाई थेट गाठोड्यावरच बसली. मला मांडीवर घेऊन तिने अक्षरं नकुशीकडे फिरवली.

"वाच."

नकुशीने अक्षरांवर हात ठेवला.

"वाच म्हणते ना."

"...नकुशी."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"घरच्यांनी."

"आन् कोरलं कुणी?"

"मामानं."

"मामानं चारचौघांत मिरवायला दिलेलं नाव तू भिंतीकडं करून ठेवलंस व्हय गं? मला सांगितलं आसतंस तर मी काय खाल्लं आसतं तुला?"

"नाव सांगितलं की खोली जाती, काकू," नकुशी म्हणाली. "दोनदा गेली."

 गिताबाईने अपेक्षाच्या पाठीवरच्या दप्तराकडे पाहिलं. मग तिने मला पुढे सरकवलं. "उघड."

 कडी निघाली, झाकण निघालं. आत तांदूळ होते आणि वर मूठभर मुगाची डाळ.

"उद्या सकाळची खिचडी," गिताबाई म्हणाली. "माझ्यात आजून चुलीम्होरं उभं ऱ्हायचं बळ न्हाई. दवाखान्यात जायच्या आधी करून ठिव. आन् मीठ वाईच जास्त घाल नकुशी, आजची आळणी झालती."

नकुशी माझ्यावर डोकं टेकून रडली. तिचे अश्रू तांदळात पडले. उद्याच्या खिचडीला तेवढंच मीठ लागणार होतं, असं मी मनाशी म्हटलं, कारण मलाही रडू येत होतं आणि डब्याला रडता येत नाही.

सगळं एका दिवसात गोड झालं असं समजू नका. ताईबाईने त्या घरात पाणीसुद्धा घेतलं नाही आणि ती निघून गेली. पोपटराव चांगलेच रुसले. दुसऱ्या दिवशी अनुपमाताई येऊन त्यांच्याशी शांतपणे बोलल्या. या आजारामुळे भाडेकरूला खोलीतून काढता येत नाही, तसा कायदा आहे, हेही त्यांनी सांगितलं. पोपटराव ऐकून घेत होते, पण नकुशीच्या हातचं नको म्हणून जेवायला खानावळीत जात होते. खानावळीच्या तिखटाने पोट बिघडलं तेव्हा एका सकाळी निमूटपणे पाटावर येऊन बसले. नकुशीने खिचडी वाढली आणि ताटाशेजारी आधारची झेरॉक्स ठेवली. त्यांनी आधी खिचडी खाल्ली.

मित्रांनो, आता मी फळीवर दाराकडे तोंड करून बसतो. नकुशी मला चिंच लावून घासते आणि तिच्या गोळ्यांची डबी माझ्या शेजारी असते. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं अडगळीत पडलं असेल तर ते बाहेर काढा, घासा, त्यावरचं नाव वाचा. कुणाकडून भरून आलेलं भांडं रिकामं परत देऊ नका. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल. तेव्हा एखादी बाई लेकराचं बोट धरून खोली मागायला आली, तर तुमच्या दारात तिला स्वतःचं खरं नाव सांगायची भीती वाटू देऊ नका.